स्कायडायव्हिंग शिकायचंय? पॅराशूट विकत घेण्याआधी हे वाचा

"ताई, हे शिकायला किती खर्च येतो?"

उंबरमाळीहून माझ्या मामेभावाचा मेसेज. सोबत एक रील. विमानाचं दार उघडं, एक मुलगी मागे वळून कॅमेऱ्याकडे बघत हसते आणि सरळ खाली झोकून देते. मी "बघून सांगते" असं टाइप करत होते तेवढ्यात दुसरा मेसेज आला. एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट. वापरलेलं पॅराशूट, चांगली कंडिशन, किंमत १८ हजार. त्याच्या खाली तिसरा मेसेज: "हे घेतो, आधी माहुलीवरून प्रॅक्टिस करतो, मग पुढचं बघू."

मी टाइप करायचं सोडलं आणि फोन लावला.

उंबरमाळी माहीत नसेल तर सांगते. कसारा लोकलमध्ये बसलात की खर्डी सोडल्यावर, कसारा यायच्या आधी लागणारं छोटं स्टेशन. शहापूर तालुका, आजूबाजूला डोंगर, जंगल, धरणं. तिथल्या पोरांना उंचीची भीती नसते. माहुली त्यांनी शाळेत असताना चढलेला असतो. त्यामुळे भावाचा प्लॅन त्याला अगदी सोपा वाटत होता: डोंगर आहे, पॅराशूट मिळतंय, उडी मारायची.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडतेय. रील बघून "आपणही शिकूया" असं वाटणारा तो एकटा नाही. आणि यात चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही.

पॅराशूट, पॅराग्लायडर, बेस जम्पिंग: सगळं एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पॅराग्लायडिंगमध्ये तुम्ही उतारावर छत्री आधीच पसरवता, ती वाऱ्याने भरते, तुम्ही चार पावलं पळता आणि तरंगता. पुण्याजवळ कामशेतला हे बघायला मिळतं. ही छत्री हळूहळू, लांबवर तरंगण्यासाठी बनवलेली असते. बंद पिशवीतून, पडता पडता, ताशी २०० किलोमीटर वेगात उघडण्यासाठी ती नसते.

स्कायडायव्हिंगमध्ये तुम्ही विमानातून उडी मारता, काही सेकंद मोकळे पडता आणि मग पाठीवरच्या बॅगेतून पॅराशूट उघडता. एवढ्या वेगात कापड एकदम उघडलं तर कापड तरी फाटेल किंवा तुमची हाडं तरी मोडतील. म्हणून या पॅराशूटच्या दोऱ्यांवर 'स्लायडर' नावाचा एक चौकोनी कापडी तुकडा असतो. तो दोऱ्यांवरून हळूहळू खाली सरकतो आणि छत्रीला एकदम न उघडता टप्प्याटप्प्याने उघडू देतो. शिवाय पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव.

बेस जम्पिंग म्हणजे कडा, पूल, इमारत अशा जागेवरून उडी. उंची इतकी कमी की राखीव पॅराशूट उघडायला वेळच उरत नाही, त्यामुळे ते बहुतेक वेळा नसतंच. जगभरात हा प्रकार करणारे लोक आधी विमानातून शेकडो उड्या मारून आलेले असतात. म्हणजे भावाने 'प्रॅक्टिस' म्हणून जे निवडलं होतं, ती या खेळातली सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात जीवघेणी पायरी आहे.

जाहिरातीतली ती वस्तू नेमकी यातली कोणती, हे फोटोवरून मला कळलं नाही. विकणाऱ्यालाही ते सांगता आलं नसतं असं वाटतं.

एका उडीत नेमकं काय घडतं? कळसूबाईचा हिशेब

फुटांचे आकडे डोळ्यासमोर येत नाहीत, म्हणून आपल्या डोंगरांच्या भाषेत बोलू.

साधारणपणे उडी १०,००० ते १३,००० फुटांवरून होते. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. १३,००० फूट म्हणजे जवळपास अडीच कळसूबाई एकावर एक.

दारातून बाहेर पडल्यावर पहिले १,००० फूट पडायला साधारण १० सेकंद लागतात, कारण वेग हळूहळू वाढत असतो. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिर होतो, कारण तिथे हवेचा रोध आणि वजन यांची बरोबरी होते. मग प्रत्येक १,००० फुटांना साधारण साडेपाच सेकंद. म्हणजे १३,००० वरून ५,५०० फुटांपर्यंत यायला पाऊण मिनिट. रीलमध्ये दिसतं ते हे पाऊण मिनिट.

नवशिक्याने साधारण ५,५०० फुटांवर पॅराशूट उघडायचं असतं. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीला. त्या क्षणी काहीच केलं नाही तर जमीन किती लांब असते? अर्धा मिनिट.

दुसरी महत्त्वाची रेषा २,५०० फुटांची. अमेरिकेच्या यूएसपीए या संघटनेच्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याने इथपर्यंत ठरवलेलं असलं पाहिजे, की उघडलेली छत्री नीट आहे की ती सोडून राखीव काढायची. माहुलीचा माथा साधारण २,८०० फूट. म्हणजे निर्णयाची वेळ माहुलीच्या उंचीच्याही खाली जाऊ द्यायची नाही. मोकळं पडत असाल तर तिथून जमीन फक्त १४ सेकंदांवर असते.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. स्कायडायव्हरचं उंचीमापक, म्हणजे अल्टिमीटर, उतरण्याच्या जागेवर शून्यावर लावतात. उडी आणि उतरण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर असेल तर तो फरक आधीच धरावा लागतो. हे विसरणं म्हणजे घड्याळ चुकीचं लावून परीक्षेला जाण्यासारखं आहे, फक्त इथे पेपर पुन्हा देता येत नाही.

पॅराशूट उघडल्यावर पुढची चार ते सात मिनिटं तुम्ही ते चालवत खाली येता. हो, चालवत. आजचं पॅराशूट गोल छत्रीसारखं नसतं. ते पंखासारखं असतं, पुढून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि ते पुढे सरकतं. डावी दोरी ओढली की डावीकडे वळतं, उजवी ओढली की उजवीकडे. उतरताना दोन्ही दोऱ्या एकत्र खाली ओढून वेग मारायचा. ही वेळ साधणं शिकायलाच सगळ्यात जास्त उड्या जातात.

शिकायचे रस्ते किती?

मुख्यतः तीन.

पहिला, टँडम. प्रशिक्षकाच्या पुढे तुम्हाला बांधतात, पॅराशूट त्याच्या पाठीवर. तुम्हाला २०-३० मिनिटांची माहिती देतात, बाकी सगळं तो करतो. दोघांच्या वजनामुळे वेग फार वाढू नये म्हणून मागे एक छोटं पॅराशूट सोडलेलं असतं. याला 'ड्रोग' म्हणतात. टँडम हा अनुभव आहे, शिक्षण नाही. पण हे आपल्याला खरंच आवडतं का, हे तपासायला हा उत्तम रस्ता. रीलमधल्या दहापैकी नऊ जणांची उडी टँडमच असते, हे नीट पाहिलंत तर लक्षात येईल.

दुसरा, स्टॅटिक लाइन. विमानाला जोडलेला पट्टा तुम्ही बाहेर पडताच पॅराशूट उघडतो. मोकळं पडणं जवळजवळ नाही. जगभरच्या सैन्यांत छत्रीधारी सैनिक असेच उतरतात. आपल्याकडे आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये हे प्रशिक्षण होतं. १९५९ मध्ये गीता चंदा यांनी इथेच उडी मारून भारतातल्या पहिल्या महिला पॅराट्रूपर होण्याचा मान मिळवला. त्या वायुदलात डॉक्टर होत्या. एनसीसीच्या निवडक कॅडेट्सनाही आग्र्याला पॅरा कोर्सची संधी मिळते. कॉलेजमधल्या मुलामुलींनी हे वाक्य पुन्हा वाचा. खिशातून लाखभर रुपये न घालता उडी मारण्याचा हा रस्ता आहे. निवड कठीण असते, फिटनेस लागतो, पण रस्ता आहे.

तिसरा, एएफएफ. पूर्ण नाव ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल. स्वतंत्र स्कायडायव्हर व्हायचं तर जगभरात आज हीच पद्धत सर्वाधिक चालते. आधी जमिनीवर पूर्ण दिवसाचा वर्ग. मग पहिल्या तीन उड्यांमध्ये दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून पडतात, पण पॅराशूट तुमच्या पाठीवर असतं आणि ते तुम्हीच उघडायचं. पुढच्या टप्प्यांत एकच प्रशिक्षक, मग वळणं, कोलांटी, एकट्याने बाहेर पडणं. टप्पे सात किंवा आठ. यूएसपीएचं पहिलं, म्हणजे 'ए' लायसन्स मिळवायला किमान २५ उड्या लागतात.

जमिनीवरच्या त्या वर्गात काय शिकवतात? पोट पुढे काढून शरीराची कमान करायची, हातांच्या खुणा ओळखायच्या, दर काही सेकंदांनी अल्टिमीटर बघायचं. आणि पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत, एकच गोष्ट: मुख्य पॅराशूट बिघडलं तर काय करायचं. छातीवर उजवीकडे एक हँडल असतं, ते ओढलं की बिघडलेली छत्री सुटते. डावीकडे दुसरं हँडल, ते राखीव उघडतं. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकवून हे करून घेतात. हात आपोआप तिथे जायला हवेत, कारण वर विचार करायला वेळ नसतो.

पण शीतल महाजन तर सराव न करताच गेली होती ना?

हा प्रश्न भावाने विचारला, आणि खरं सांगायचं तर त्याला हे माहीत असल्याचा मला आनंदच झाला.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी आयुष्यातली पहिली उडी १८ एप्रिल २००४ रोजी थेट उत्तर ध्रुवावर मारली. रशियन हेलिकॉप्टरमधून, २,४०० फुटांवरून, उणे ३७ अंश तापमानात. वय २१. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवावर उडी मारली, या वेळी ११,६०० फुटांवरून. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली आणि तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी फॉरवर्ड केला असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात २१,५०० फुटांवरून.

ही गोष्ट आपण नेहमी पहिल्या उडीपाशी थांबवतो. त्यानंतरच्या शेकडो उड्यांचा रील बनत नाही. नऊवारीचंच बघा. पाच-सहा यार्डांहून लांब कापड २०० किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलं तर ते हँडलवर येऊ शकतं, पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकू शकतं. साडी घट्ट बसवून, कुठलंही टोक मोकळं न ठेवता उडी मारता येते ती शेकडो उड्यांच्या अनुभवावर. ध्रुवावरची पहिली उडीही एकटीने ठरवून, ऑनलाइन पॅराशूट मागवून झालेली नव्हती. मागे व्यावसायिक पथक होतं, तपासलेली उपकरणं होती.

शीतल महाजन यांच्याकडून घ्यायचं काय? मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीला हे करता येतं, एवढं नक्की घ्या. सराव नको, हे घेऊ नका.

भारतात कुठे शिकता येतं?

टँडमसाठी पर्याय आहेत. हरियाणात नारनौलजवळच्या बाछोद धावपट्टीवर उड्या होतात. मध्य प्रदेश पर्यटन विभाग हिवाळ्यात उज्जैनला स्कायडायव्हिंग महोत्सव भरवतो. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीतही टँडम उड्या झालेल्या आहेत. यातलं आत्ता काय सुरू आहे हे बुकिंगआधी फोन करून विचारा, कारण परवानग्या, विमान आणि हवामान यांनुसार हे बदलत राहतं. पावसाळ्यात तर विसराच. ढगातून उडी मारत नाहीत.

शहापुरात का नाही? भावाचा अगदी रास्त प्रश्न. डोंगर असणं या खेळाच्या उपयोगाचं नसतं, उलट अडचणीचं असतं. लागतं काय तर धावपट्टी, विमान, हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी आणि उतरायला मोठं सपाट मोकळं मैदान. उंबरमाळीच्या आसपास रेल्वेच्या ओव्हरहेड वायर, विजेचे मनोरे, झाडी, भातसा आणि तानसाचं पाणी, शिवाय तानसा अभयारण्य. नवशिक्याचं पॅराशूट वाऱ्याने भरकटलं तर यातलं काहीही त्याच्या वाट्याला येऊ शकतं.

नियमांचंही बघा. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. त्यात ११ हवाई खेळ आहेत आणि स्कायडायव्हिंग त्यापैकी एक. बेस जम्पिंग आणि विंगसूटही त्याच गटात धरलेत. म्हणजे 'आपलाच डोंगर, आपलीच उडी' असं इथे चालत नाही.

पूर्ण एएफएफ कोर्ससाठी बरेच भारतीय परदेशात जातात: स्पेनमधलं एम्पुरियाब्रावा, दुबई, थायलंड, अमेरिकेतलं पेरिस आणि डिलँड. हे पेरिस कॅलिफोर्नियातलं बरं का, आयफेल टॉवरवालं नाही.

खर्च किती?

भारतात टँडम उडीला साधारण २५ ते ३५ हजार रुपये. व्हिडिओचे बऱ्याचदा वेगळे पैसे.

एएफएफ करून लायसन्सपर्यंत जायचं तर परदेशात साधारण ३ ते ४ हजार डॉलर, म्हणजे तीन-साडेतीन लाखांच्या घरात. विमानभाडं, राहणं, विमा वेगळा. हवामान बिघडलं तर दिवस वाढतात आणि खर्चही. कोर्समध्ये एखादा टप्पा जमला नाही तर ती उडी पुन्हा पैसे भरून मारावी लागते.

हा खेळ महाग आहे, हे सरळ मान्य करूया. म्हणून तर १८ हजारांच्या जाहिरातीचा मोह होतो.

पाठीवरच्या बॅगेत काय काय असतं?

या बॅगेला 'रिग' म्हणतात. तिचे चार भाग.

हार्नेस आणि कंटेनर. अंगाला बांधायचे पट्टे आणि पाठीवरची पिशवी. मापाचं असावं लागतं. सैल हार्नेसमधून पॅराशूट उघडताना झटका चुकीच्या जागी बसतो आणि हँडल सरकून हाताला सापडत नाही.

मुख्य पॅराशूट. हे तुम्ही स्वतः घडी घालायला शिकता. सुरुवातीला एका घडीला अर्धा तास सहज लागतो आणि घामाघूम होता.

राखीव पॅराशूट. हे तुम्ही घडी घालायचं नसतं. त्यासाठी प्रमाणित 'रिगर' असतो. अमेरिकेत नियम असा, की राखीव वापरलं नसलं तरी दर १८० दिवसांनी रिगरने ते उघडून, तपासून पुन्हा बांधायचं. प्रत्येक वेळी कार्डावर तारीख आणि सही.

एएडी. हे एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र. माणूस बेशुद्ध पडला, गोंधळला, उंचीचं भान सुटलं, तर हे आपणहून राखीव उघडतं. १९९१ मध्ये जर्मनीत बाजारात आलेल्या 'सायप्रेस'ने या यंत्रांना खऱ्या अर्थाने विश्वासार्ह बनवलं. त्याचं नेहमीचं मॉडेल साधारण ७५० फुटांवर, वेग अजूनही मोकळं पडण्याइतका असेल तर चालतं. विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल त्याहून कमी वेगालाही चालतं. ७५० फूट म्हणजे जमिनीपासून चार सेकंद. याच्या भरवशावर उडी मारायची नसते, हे त्या चार सेकंदांवरूनच कळेल.

याशिवाय हेल्मेट, गॉगल, अल्टिमीटर, जम्पसूट आणि घट्ट लेस बांधायचे बूट. लेसला हुक असलेले बूट नकोत, दोऱ्या अडकतात.

मग नवशिक्याने घ्यायचं काय?

पहिल्या २५ उड्यांपर्यंत रिग घ्यायचीच नाही. शाळेची भाड्याची रिग वापरायची. ती मोठी, संथ आणि चुका पोटात घालणारी असते.

खरेदीचा क्रम साधारण असा ठेवा.

१. गॉगल आणि हेल्मेट. डोक्याच्या मापाचं, ज्यातून ऐकू येतं असं. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मिळतो.

२. मनगटावरचं अल्टिमीटर. काट्याचं असो वा डिजिटल, एका नजरेत वाचता आलं पाहिजे.

३. जम्पसूट. जाड माणूस जास्त वेगात पडतो, सडपातळ माणूस कमी, त्यामुळे कापड आणि ढगळपणा प्रशिक्षकाला विचारून ठरवा.

४. कानाजवळ वाजणारं अल्टिमीटर. ठरलेल्या उंचीला बीप देतं. मनगटावरच्याला जोड म्हणून, त्याच्याऐवजी नाही.

५. सगळ्यात शेवटी रिग.

रिग घेताना पॅराशूटचा आकार हा कळीचा मुद्दा. त्याचा हिशेब सोपा आहे. तुमचं वजन अधिक उपकरणांचं वजन पौंडात काढा आणि पॅराशूटच्या चौरस फुटांनी भागा. याला 'विंग लोडिंग' म्हणतात.

समजा वजन ६८ किलो, उपकरणं १२ किलो. एकूण ८० किलो, म्हणजे साधारण १७६ पौंड. पॅराशूट २३० चौरस फुटांचं असेल तर उत्तर येतं ०.७७. आरामात, हळू उतरणारं. १९० चं असेल तर ०.९३. लायसन्स मिळालेल्या नवख्याला चालण्यासारखं. १३५ चं घेतलंत तर १.३. हे वेगवान आणि एका चुकीच्या वळणात जमिनीवर आपटवणारं. नवशिक्याने १ च्या वर जायचं नाही, हा धरून चालायचा नियम.

छोटं पॅराशूट दिसायला भारी, बॅग आटोपशीर आणि सेकंड हँड बाजारात बऱ्याचदा स्वस्तही. कारण अनुभवी लोक आपली जुनी छोटी पॅराशूट विकत असतात. नवख्याची फसगत होते ती इथे.

सेकंड हँड घ्यावं का?

हो, घेतात. या खेळात बहुतेकांची पहिली रिग वापरलेलीच असते. नवी पूर्ण रिग पाच ते आठ लाखांपर्यंत जाते, वापरलेली चांगली अडीच ते चार लाखांत मिळू शकते. फक्त एएडीचीच किंमत नवं घेतलं तर लाखाच्या वर. आता १८ हजारांत काय मिळत असेल, याचा अंदाज करा.

घेण्याआधी पाच गोष्टी मागा. हार्नेस, मुख्य आणि राखीव यांची निर्मितीची तारीख. मुख्य पॅराशूटवर किती उड्या झाल्या आणि दोऱ्या कधी बदलल्या. राखीव किती वेळा वापरलं आणि त्याचं तपासणी कार्ड. एएडीची मुदत, कारण या यंत्रांना ठरलेलं आयुष्य असतं. सध्याच्या सायप्रेसचं साडेपंधरा वर्षं. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची: पैसे देण्याआधी तुमच्या पसंतीच्या रिगरकडून तपासणी. विकणारा याला नाही म्हणाला तर तिथेच व्यवहार थांबवा.

ऊन, ओल आणि उंदीर ही नायलॉनची तीन दुखणी. कोकणातल्या किंवा शहापुरातल्या पावसाळ्यात माळ्यावर पडून राहिलेलं पॅराशूट वरून छान दिसलं तरी आतून कसं आहे हे डोळ्यांना कळत नाही.

आणि ॲक्शन कॅमेरा? यूएसपीएची शिफारस आहे, २०० उड्या होईपर्यंत कॅमेरा नाही. तो दोऱ्यांत अडकू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लक्ष अल्टिमीटरवरून कॅमेऱ्याकडे जातं. रील बनवायला म्हणून शिकणार असाल तर हा नियम आधी पचवा.

धोका नेमका किती?

यूएसपीएच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० मृत्यू झाले. लाखामागे एकापेक्षाही कमी. ऐकून हायसं वाटतं.

पण हा आकडा कुणाचा आहे ते बघा. प्रशिक्षक, रिगर, तपासणी कार्ड, एएडी, वाऱ्याची मर्यादा, हे सगळं पाळणाऱ्या व्यवस्थेचा. तिथे जमिनीवरचा वारा ताशी साधारण २२ किलोमीटरच्या वर गेला तर विद्यार्थ्याला विमानात बसवतही नाहीत. त्या व्यवस्थेबाहेर, माहुलीच्या कड्यावर, हा आकडा लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. अनेक जीवघेणे अपघात पॅराशूट न उघडल्यामुळे होत नाहीत. व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ घेतलेल्या जोरदार वळणामुळे होतात. पॅराशूटचा आकार का महत्त्वाचा, याचं उत्तर इथे आहे.

बुकिंग करण्याआधी काय विचारायचं?

ऑपरेटरकडे परवानगी कुणाची आहे? टँडम प्रशिक्षकाकडे कोणतं लायसन्स आहे आणि त्याच्या किती उड्या झाल्यात? यूएसपीएचं टँडम रेटिंग घ्यायला किमान ५०० उड्या आणि या खेळात तीन वर्षं लागतात, तेवढं तरी धरून चला. राखीव पॅराशूट शेवटचं कधी तपासलं? एएडी आहे का? वाऱ्यामुळे उडी रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख?

तुमच्याकडूनही प्रामाणिकपणा हवा. वय १८ पूर्ण, वजन साधारण ९० ते १०० किलोच्या आत. हृदयाचा त्रास, फिट येणं, पाठीची जुनी दुखापत, गरोदरपण, अगदी साधी जोरदार सर्दीसुद्धा लपवू नका. सर्दीत खाली येताना कान जबरदस्त दुखतात. तारकर्लीला स्कुबा करून दुसऱ्या दिवशी उडी मारायचा प्लॅन असेल तर मध्ये किमान २४ तास जाऊ द्या.

फोन पाऊण तास चालला. शेवटी भाऊ म्हणाला, "म्हणजे पॅराशूट शेवटी घ्यायचं होतं, मी सुरुवात तिथून केली." मग थोडा वेळ गप्प. मग, "पण ताई, तीन लाख कुठून आणू?"

याला माझ्याकडे चटपटीत उत्तर नव्हतं. त्याला एवढंच म्हटलं, कॉलेजमध्ये एनसीसी आहे का विचार, धावायला सुरुवात कर, आणि जमले तर टँडमचे पैसे बाजूला टाक. परवा त्याचा मेसेज आला. सकाळी सहाचा फोटो, खर्डीच्या रस्त्यावर धावून घामेजलेला चेहरा. खाली लिहिलं होतं: "ती जाहिरात डिलीट केली. एनसीसीचा फॉर्म कधी निघतो ते सरांना विचारलंय."